डोंगरातील तळ्याकाठी चाकांवरचे घर
निवृत्त दांपत्यांच्या उन्हाळी मुक्कामाला कायद्याची वाट मोकळी. खरा प्रश्न थांब्याचा आणि सांडपाण्याचा

इरुंगाट्टुकोट्टै (चेन्नई) – तमिळ पंचांगानुसार मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ‘अग्नि नक्षत्रम्’ सुरू होते आणि सुमारे साडेतीन आठवडे चालते. या दिवसांत चेन्नई आणि परिसरातील पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. ज्यांना शक्य आहे ते या काळात कोडैकानल, उटी किंवा येरकाडच्या डोंगरांचा आश्रय घेतात. नोकरदारांना तीन-चार दिवसांची रजा मिळते. निवृत्त पती-पत्नींकडे मात्र वेळेची कमतरता नसते. महिना-दीड महिना थंड हवेत राहावे, सकाळी तळ्याकाठी फिरावे आणि पावसाच्या तोंडावर परतावे, अशी त्यांची इच्छा असते. अडचण असते ती मुक्कामाची. हंगामात हॉटेलचे दर वाढतात, पथ्याचे जेवण मिळत नाही आणि परक्या खाटेवर झोप लागत नाही.

त्यावर उपाय म्हणून चाकांवरचे घर, म्हणजेच मोटारहोम किंवा कॅरव्हॅन, हा पर्याय अलीकडच्या वर्षांत भारतातही चर्चेत आला आहे. केंद्र सरकारसह महाराष्ट्र, केरळ आणि तमिळनाडू यांनी आपल्या पर्यटन धोरणांत त्याला स्थान दिले आहे. असे वाहन बाळगणे, चालवणे आणि त्यात राहणे आज कायद्याने शक्य आहे. मात्र हे घर रात्री कोठे उभे राहणार आणि त्यातून निघणारे सांडपाणी कोठे जाणार, या दोन प्रश्नांची उत्तरे अद्याप पुरेशी मिळालेली नाहीत. ज्या तळ्याच्या ओढीने प्रवासी डोंगरावर जातो, त्याच तळ्याचे भवितव्य या उत्तरांशी जोडलेले आहे.

महामार्गावरील एक सोयीचे ठिकाण

कांचीपुरम जिल्ह्यातील श्रीपेरुंबुदूरजवळचे इरुंगाट्टुकोट्टै हे गाव चेन्नईपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. १९९८ पासून येथील ह्युंदाई कारखान्यातून मोटारी बाहेर पडत आहेत. गावाजवळ १९९० मध्ये सुरू झालेली मोटार शर्यतींची धावपट्टी आहे, तर चेन्नईला पिण्याचे पाणी पुरवणारा चेंबरंबाक्कम तलावही येथून जवळच आहे. मराठी वाचकांच्या दृष्टीने या गावाचे आणखी एक महत्त्व आहे. दिल्लीहून निघून मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी आणि बंगळूरमार्गे चेन्नईला पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ याच गावावरून जातो. पुण्याहून या रस्त्याला लागलेले वाहन महामार्ग न बदलता इरुंगाट्टुकोट्टैला येऊ शकते.

मोटारहोमच्या दृष्टीनेही हा पट्टा महत्त्वाचा आहे. श्रीपेरुंबुदूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरगडम येथे भारतबेंझ कंपनीचा ट्रक आणि बस बनवण्याचा कारखाना आहे. केरळ सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन सुरू केले, तेव्हा पर्यटकांसाठी सादर झालेल्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी काही याच कंपनीच्या बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या होत्या. लहान आकाराच्या मोटारहोमसाठी पुण्याच्या फोर्स मोटर्सची ‘ट्रॅव्हलर’ ही गाडी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅनिटी व्हॅन बांधणाऱ्या कारागिरांनाही चालत्या गाडीत पाणी, वीज आणि स्वच्छतागृह बसवण्याचा दीर्घ अनुभव आहे. हे वाहन त्यामुळे आता केवळ परदेशातून आणण्याची वस्तू राहिलेले नाही.

मोटारहोम म्हणजे काय

इंजिनासह एकसंध असलेल्या घरवजा गाडीला मोटारहोम म्हणतात, तर दुसऱ्या वाहनाने ओढून न्यावयाच्या घराला परदेशात कॅरव्हॅन म्हटले जाते. भारतात मात्र दोन्हींसाठी कॅरव्हॅन हाच शब्द रूढ आहे. केंद्र सरकारच्या वाहनविषयक मानकांमध्ये ‘मोटार कॅरव्हॅन’ हा स्वतंत्र प्रकार असून, त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक लागू आहे. बसण्याची जागा व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा या गोष्टी अशा वाहनात असणे अपेक्षित आहे.

या घराचा कारभार चार गोष्टींवर चालतो. पहिली, स्वच्छ पाण्याची टाकी. दुसरी, वापरलेले पाणी साठवण्याची टाकी. भांडी, हात-पाय आणि अंघोळीचे पाणी तिच्यात जमा होते. तिसरी, शौचालयाची वेगळी टाकी. लहान गाड्यांमध्ये ही टाकी पेटीसारखी बाहेर काढता येते. चौथी, घरातील दिवे, पंखे आणि शीतकपाटासाठीची स्वतंत्र बॅटरी. ही बॅटरी गाडी चालू असताना इंजिनावर, उभी असताना छतावरील सौरपट्ट्यांवर किंवा थांब्यावरील विजेच्या जोडणीवर भरून घेतली जाते.

बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-तास क्षमतेच्या एका बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट वीज मावते. दिवे, पंखा, भ्रमणध्वनी आणि लहान शीतकपाट एवढ्यावर एक दिवस निघतो. वातानुकूलन यंत्र चालवायचे झाल्यास बाहेरची वीज हवीच. डोंगरावर मात्र वातानुकूलनाची गरजच संपते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी कमी होते. सुमारे २,१०० मीटर उंचीवरील कोडैकानल किंवा सव्वादोन हजार मीटरवरील उटी ही गावे चेन्नईपेक्षा तेरा-चौदा अंशांनी थंड असतात, त्याचे हे साधे कारण आहे. येरकाड सुमारे दीड हजार मीटरवर असल्याने तेथील गारवा तुलनेने सौम्य असतो.

नोंदणी, परवाना आणि वय

केंद्र सरकारने नोव्हेंबर २००४ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार खासगी वापरासाठीची कॅम्पर व्हॅन ही बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत येते. म्हणजेच स्वतःच्या वापरासाठी घेतलेले मोटारहोम खासगी वाहन म्हणून नोंदवता येते. ते भाड्याने द्यायचे झाल्यास मात्र परिवहन वाहन म्हणून नोंदणी आणि परमिट आवश्यक ठरते.

जुनी मिनीबस विकत घेऊन स्थानिक कारखान्यात तिचे घर करून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. येथे सावधगिरी हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी न जुळणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. मंजुरी नसलेल्या गाडीला अपघात झाल्यास विमा कंपनीकडून भरपाई मिळण्यात अडथळे येऊ शकतात. परराज्यात वाहन बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. दोन महिन्यांच्या उन्हाळी मुक्कामाला हा नियम आड येत नाही.

वाहन चालवण्याच्या परवान्याबाबत निवृत्तांनी दोन बाबी तपासून घ्याव्यात. पहिली वजनाची. साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. या मर्यादेतील परिवहन वाहनासाठीही वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेले मोटारहोम या मर्यादेत बसते. दहा टनांच्या गटातील बसवर बांधलेले प्रशस्त घर मात्र बसत नाही आणि त्यासाठी अवजड वाहनाचा परवाना किंवा तसा परवाना असलेला चालक लागतो.

दुसरी बाब वयाची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच दिला जातो किंवा नूतनीकृत होतो. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रही जोडावे लागते. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या व्यक्तीने प्रवासाआधी परवान्याची अंतिम तारीख पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. पती आणि पत्नी दोघांकडेही परवाना असल्यास उत्तम. घाटात एकाची प्रकृती बिघडली, तर गाडी खाली आणणारे दुसरे कोणी तरी हवे.

तळ्यांचा प्रदेश

दक्षिणेतील थंड हवेच्या ठिकाणची बहुतेक प्रसिद्ध तळी निसर्गाने घडवलेली नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. उटीचे तळे कोईम्बतूरचा तत्कालीन जिल्हाधिकारी जॉन सलिव्हन याने १८२० च्या दशकात ओढ्यांना बांध घालून तयार करवले. कोडैकानलचे ताऱ्याच्या आकाराचे तळे मदुरेचा माजी जिल्हाधिकारी व्हेअर हेन्री लेव्हिंज याने १८६३ मध्ये बांधवून घेतले. त्याभोवतीचा सुमारे पाच किलोमीटरचा रस्ता सकाळी फिरणाऱ्यांचा आवडता आहे. उन्हाळ्यात डोंगरावर बिऱ्हाड हलवण्याची प्रथाही त्याच काळातील आहे. मद्रास सरकारचा कारभार उन्हाळ्यात उटीहून चालत असे, तर मुंबई सरकारचा महाबळेश्वरहून.

निलगिरीच्या पश्चिम भागात एमराल्ड, अव्हलांच, अप्पर भवानी आणि पायकारा हे मोठे जलाशय आहेत. हेही जलविद्युत प्रकल्पांसाठी बांधलेले आहेत. पायकारा येथे १९३२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, तर कुंदा प्रकल्प स्वातंत्र्यानंतर कॅनडाच्या साहाय्याने उभा राहिला. अव्हलांच आणि अप्पर भवानी परिसर वन विभागाच्या अखत्यारीत असून, आतल्या भागात विभागाच्या वाहनातूनच फिरता येते. तेथे मोटारहोम उभे करून राहण्याचा विचार व्यवहार्य नाही.

इरुंगाट्टुकोट्टैहून येरकाड साधारण साडेतीनशे किलोमीटर, तर कोडैकानल आणि उटी पाचशे किलोमीटरच्या पुढे-मागे आहेत. कोडैकानलला जाणारे वाहन ओरगडममार्गे तांबरम-तिरुची महामार्गाला लागते आणि विळुपुरम, तिरुची, दिंडुक्कल, वत्तलगुंडु असे जाऊन घाट चढते. उटी आणि येरकाडसाठी वेल्लोर, कृष्णगिरी, सेलम हा मार्ग सोयीचा. सेलमहून येरकाडचा घाट लागतो. उटीसाठी कोईम्बतूरकडे जाऊन मेट्टुपाळयम-कुन्नूरमार्गे चढावे लागते. घर बरोबर असताना घाई करण्याचे कारण नाही. पहिला मुक्काम सपाटीवर करून दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रकाशात घाट चढणे ज्येष्ठांसाठी केव्हाही श्रेयस्कर.

घाट आणि ई-पास

मोटारहोम हे साध्या मोटारीपेक्षा उंच, रुंद आणि जड असते. वळणावर त्याचा मागचा भाग अधिक जागा घेतो आणि उंचीमुळे वाऱ्याचा जोर जाणवतो. घाट उतरताना सतत ब्रेक दाबत राहिल्यास ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, हा जुन्या चालकांचा नियम येथे अक्षरशः पाळावा लागतो. निलगिरीत हंगामाच्या काळात प्रशासन अनेकदा कुन्नूरमार्गे चढण आणि कोतगिरीमार्गे उतार अशी एकदिशा वाहतूक लागू करते.

महाराष्ट्रातून बंगळूर-म्हैसूरमार्गे थेट उटीला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत वाहतुकीला बंदी आहे. संध्याकाळी उशिरा तेथे पोहोचणाऱ्या वाहनाला रात्र अलीकडेच काढावी लागते. जंगलाच्या हद्दीत रस्त्याकडेला गाडी उभी करून झोपणे बेकायदा आहे आणि हत्तींच्या वावरामुळे धोक्याचेही आहे.

पर्यटकांच्या गर्दीने डोंगरांवर येणारा ताण लक्षात घेऊन मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून निलगिरी आणि कोडैकानलसाठी ई-पास सक्तीचा करण्यात आला. या ठिकाणी किती वाहने सामावू शकतात, याचा अभ्यास करण्याचे काम आयआयटी मद्रास आणि आयआयएम बंगळूर या संस्थांकडे सोपवण्यात आले. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यासाठी न्यायालयाने वाहनांची दैनंदिन संख्याच ठरवून दिली. निलगिरीत आठवड्याच्या कामाच्या दिवशी सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार, तर कोडैकानलमध्ये अनुक्रमे चार हजार आणि सहा हजार. दर हंगामात नियमांत बदल होऊ शकतो, म्हणून निघण्यापूर्वी त्या वर्षीची व्यवस्था पाहून घ्यावी. पास काढताना मुक्कामाचे ठिकाण विचारले जाते. मोटारहोम घेऊन जाणाऱ्याला या रकान्यात लिहिण्याजोगे उत्तर आधीच शोधून ठेवावे लागते. अंगण आणि वाहनतळ असलेले विश्रामगृह, खासगी मळा किंवा तंबूनिवासाची जागा यांच्याशी आगाऊ बोलणी करणे हाच आजचा व्यवहार्य मार्ग आहे.

पाण्याचे गणित

शहरी पाणीपुरवठा योजनांमध्ये माणशी दररोज १३५ लिटर पाण्याचा निकष धरला जातो. त्या हिशेबाने दोघांना दिवसाला २७० लिटर लागतील. मध्यम आकाराच्या मोटारहोमची टाकी शंभर-दीडशे लिटरची असते. शिवाय एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे भरलेली टाकी घेऊन घाट चढणे इंजिनावरही भार टाकते. माणशी वीस-पंचवीस लिटरांत दिवस भागवला, तर तीच टाकी तीन दिवस पुरते. बादली-तांब्याने अंघोळ, भांडी आधी पुसून मग धुणे आणि कपडे गावातील धोब्याकडे देणे या जुन्या सवयी येथे कामी येतात. ज्यांनी दुष्काळी भागात संसार केला आहे, त्यांना हे शिकवावे लागत नाही.

स्वयंपाकातही उंचीचा परिणाम जाणवतो. सव्वादोन हजार मीटरवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला बराच वेळ लागतो आणि गॅस खर्ची पडतो. प्रेशर कुकर ही म्हणूनच या घरातील सर्वांत उपयोगी वस्तू ठरते.

बंद गाडीतील अदृश्य धोका

डोंगरावरच्या रात्री थंड असतात आणि खिडक्या घट्ट लावून घेण्याचा मोह होतो. येथेच सर्वांत मोठा धोका आहे. कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी किंवा जनरेटर यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होऊ शकतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो घातक ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह आढळले होते. गाडीतील जनरेटरमधून निघालेला हा वायू आत शिरल्याने मृत्यू ओढवल्याचे तपासात निष्पन्न झाले.

त्यामुळे काही नियम काटेकोरपणे पाळणे अत्यावश्यक आहे. ऊब मिळावी म्हणून शेगडी किंवा कोळसा कधीही आत पेटवू नये. झोपताना इंजिन आणि जनरेटर बंद ठेवावा. छताची एक झडप नेहमी किंचित उघडी ठेवावी. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवून घ्यावे. गरम पाण्याची पिशवी, लोकरीचे कपडे आणि दोन जाड रजया यांवर उटीतील मे महिन्याची रात्र सुखाने निघते.

प्रकृतीच्या बाबतीतही पूर्वतयारी हवी. अडीच हजार मीटरखाली तीव्र स्वरूपाचा उंचीचा आजार सहसा होत नाही. तरीही हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचे दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिनसाठी शीतकपाट चालू राहील एवढी वीज राखून ठेवणे आवश्यक आहे. गाडीची पायरी उंच असते आणि रात्रीच्या अंधारात पाय घसरण्याचा संभव असतो. त्यासाठी एक जादा पायरी, धरायला दांडा आणि लहान दिवा एवढी सोय पुरेशी ठरते.

तळे काय सोसते

वापरलेल्या पाण्याचा आणि मैल्याचा प्रश्न मात्र एवढ्या सहज सुटत नाही. लहान मोटारहोममधील शौचालयाची पेटी अठरा-वीस लिटरांची असते आणि दोघांच्या वापरात ती दोन-तीन दिवसांत भरते. युरोपात किंवा न्यूझीलंडमध्ये ती रिकामी करण्यासाठी जागोजागी अधिकृत केंद्रे असतात. आपल्याकडे अशी केंद्रे अपवादानेच आढळतात. परिणामी रस्त्याकडेच्या नाल्यात टाकी मोकळी करण्याचा मोह होतो. डोंगरावरचा प्रत्येक नाला मात्र कोठे तरी खाली जातो आणि वाटेत बहुधा एखादे तळे असते.

उटीच्या तळ्याने याची किंमत मोजली आहे. कोडप्पमंद नाल्यातून येणाऱ्या शहराच्या सांडपाण्याने ते अनेक दशके दूषित होत राहिले. मूळ तळ्याचा विस्तारही आक्रसला असून, त्याच्या जुन्या क्षेत्रात आज बसस्थानक आणि घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे. कोडैकानलचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. घाट चढताना ज्या ‘सिल्व्हर कॅस्केड’ धबधब्यापाशी प्रत्येक प्रवासी छायाचित्रासाठी थांबतो, तो कोडैकानलच्या तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यानेच तयार झालेला आहे. तळ्यात जे मिसळते, तेच धबधब्यातून खाली येते आणि पुढे सपाटीवरच्या गावांकडे जाते.

न्यूझीलंडच्या अनुभवातून या बाबतीत शिकण्याजोगे आहे. डोंगर आणि तळ्यांच्या त्या देशात मोटारहोममधून हिंडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. उघड्यावर पडणाऱ्या घाणीबद्दल स्थानिकांच्या तक्रारी वाढल्यावर तेथे २०११ मध्ये मुक्त तळ ठोकण्याविषयी कायदा झाला. २०२३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. गाडीत कायमस्वरूपी बसवलेले शौचालय आणि स्वतःचे सांडपाणी साठवण्याची क्षमता असल्याचे प्रमाणपत्र घेणे, हा त्या नव्या व्यवस्थेचा गाभा आहे. गाडी किती ऐषारामी आहे, याच्याशी त्या कायद्याला कर्तव्य नाही. ती आपली घाण आपल्याबरोबर नेते की नाही, एवढेच तो पाहतो.

महाराष्ट्रातील चित्र

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने कॅरव्हॅन आणि तळ-उद्यानांविषयीचे धोरण २००९ च्या सुमारास आखले होते. राज्यांनी ते मनावर घेतले ते कोरोना साथीच्या काळात. गर्दी टाळून कुटुंबापुरते फिरण्याची गरज तेव्हा प्रकर्षाने जाणवली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरणाला मंजुरी दिली. त्यात कॅरव्हॅन आणि त्या उभ्या करण्यासाठीची कॅरव्हॅन पार्क या दोन्हींचा विचार आहे. केरळने त्याच वर्षी धोरण जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये वागमोण येथे आपले पहिले कॅरव्हॅन पार्क सुरू केले. तमिळनाडूच्या २०२३ च्या पर्यटन धोरणातही कॅरव्हॅन पर्यटनाचा समावेश आहे.

महाराष्ट्रात अशा मुक्कामाला साजेशा जागांची वाण नाही. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ मध्ये बांधवलेले महाबळेश्वरचे वेण्णा तळे आहे. प्रवरा नदीवर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा भंडारदरा जलाशय आहे. मुळशीसारखे सह्याद्रीच्या कुशीतील जलाशयही आहेत. मात्र महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे आणि तेथे वाटेल तेथे बांधकाम करता येत नाही. पक्की बांधकामे न करता मुक्कामाची सोय होते, हा कॅरव्हॅनच्या बाजूचा सबळ मुद्दा याच ठिकाणी पुढे येतो. हंगाम संपला की चाकांवरचे घर निघून जाते आणि डोंगर मोकळा राहतो. मात्र त्यासाठी पाण्याचा नळ, विजेची जोडणी आणि मैला रिकामा करण्याची बंदिस्त सोय असलेली जागा तयार हवी. एखाद्या नगरपालिकेने किंवा पर्यटन महामंडळाच्या निवासस्थानाने दहा गाड्यांपुरती अशी सोय केली, तरी निवृत्तांची मोठी अडचण दूर होईल.

घ्यावे की भाड्याने पाहावे

मोटारहोम विकत घेण्याआधी आठवडाभर भाड्याने घेऊन पाहणे शहाणपणाचे. दोन माणसांना आठ-दहा पावलांच्या जागेत महिनाभर राहणे कितपत मानवते, हे त्याशिवाय कळत नाही. वर्षातले दहा महिने गाडी कोठे उभी ठेवणार, हाही प्रश्न आहे. अनेक गृहनिर्माण संस्थांच्या वाहनतळात तिची उंची मावत नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर कडक होतात आणि पावसाळ्यात आतल्या लाकडाला बुरशी येते.

परतीची तारीखही आधीच ठरलेली असावी. जूनच्या सुरुवातीला नैऋत्य मोसमी पाऊस निलगिरीच्या पश्चिम उतारावर पोहोचतो. अव्हलांच येथे ऑगस्ट २०१९ मध्ये एका दिवसात आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला होता. दरडी कोसळण्याच्या दिवसांत जड वाहन घेऊन घाटात अडकणे कोणत्याही वयात योग्य नाही. मेच्या अखेरीस डोंगर उतरावा, हे सर्वांत सुरक्षित.

निघताना हाती घ्यावयाच्या गोष्टींची यादी तशी लहान आहे. परवाना आणि विम्याच्या तारखा, ई-पास, मुक्कामाच्या जागेचा होकार, महिनाभराची औषधे आणि सांडपाण्याची टाकी कोठे रिकामी होणार याचे उत्तर. बहुतेक प्रवासी पहिल्या चार गोष्टी पाहतात आणि पाचवी विसरतात. दोनशे वर्षांपूर्वी माणसांनीच बांधलेली ही तळी पुढच्या पिढीला निर्मळ मिळावीत की नाही, हे मात्र त्या पाचव्या गोष्टीवर ठरणार आहे.